पट्ट्यावरून बॅग उचलणार कोण?

"आई, डॉक्टरांनी तारीख दिली," असा मुलीचा फोन येतो आणि त्या दिवसापासून घरातल्या पलंगावर सामान जमायला लागतं. डिंक, खारीक, बाळंतशोपा, जुन्या मऊ साड्यांची दुपटी, मेतकुटाचा डबा, भाजणी, कुकर, जावयासाठी काढून ठेवलेला शर्टपीस. तिकिटं हातात येईपर्यंत पलंग दिसेनासा होतो. मुलीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेला दोनदा गेले, नंतर नातवाच्या मुंजीच्या वेळी तिसऱ्यांदा. आता आमच्या सोसायटीत कुणी निघालं की बॅगा भरायला मला हाक मारतात. या सगळ्यातून जे शिकले ते पहिल्यांदा निघणाऱ्या आई-बाबांसाठी लिहिते आहे. पुणे-मुंबईहून जाणाऱ्यांसाठी आणि सांगली-साताऱ्याहून आदल्या रात्री गाडी करून विमानतळ गाठणाऱ्यांसाठीही.

आपण बॅग निवडतो तेव्हा "यात किती मावेल?" असं विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न दुसराच आहे: ही बॅग फिरत्या पट्ट्यावरून कोण उचलणार? मुंबईत ट्रॉलीवर चढवायला मुलगा असतो, पुतण्या असतो, टॅक्सीवाला असतो. तिकडे, वीस-बावीस तासांचा प्रवास करून, पाय सुजलेले, डोळ्यांवर झोप, तेव्हा पट्टा चालूच असतो आणि तेवीस किलोची बॅग तुमच्यासमोरून निघून जात असते. पासष्ट वर्षांच्या माणसाने ती एका झटक्यात उचलायची असते. पहिल्या प्रवासात ह्यांची कंबर तिथेच धरली. बारशाला ते खुर्चीत बसून होते, आणि बाळाला मांडीवर घ्यायलाही त्यांना दुसऱ्याची मदत लागत होती. तेव्हापासून मी बॅगेचं वजन विमान कंपनीच्या नियमाने धरत नाही, उचलणाऱ्याच्या कंबरेने धरते.

नियम काय आहे ते आधी पाहू. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या साध्या वर्गाच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या माणशी २३ किलोच्या दोन बॅगा देतात. सगळ्याच नाही. स्वस्त तिकिटावर एकच बॅग असू शकते, म्हणून तिकिटावरची सामानाची ओळ मुलाकडून वाचून घ्या. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटर, चाकं आणि मूठ धरून. ३२ किलोच्या वरची बॅग बहुतेक ठिकाणी पैसे भरूनही घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा प्रश्न असतो. त्यांच्या पाठीचा विचार होतो, तर आपल्या पाठीचाही व्हायला हवा. दोघं जात असाल तर चार बॅगा मिळतात म्हणून चारही तेवीस किलोने भरण्याचा मोह आवरा. अठरा-एकोणीस किलोच्या तीन बॅगा दोन माणसांच्या हाताला पुरतात.

आता दुकानात जाऊ. मोठी बॅग रिकामी असतानाच साडेतीन ते पाच किलोची असते. म्हणजे तेवीसातले चार किलो तुम्ही नुसती बॅग नेण्यात घालवता. दुकानदार रंग दाखवेल, आतले कप्पे दाखवेल. तुम्ही आधी लेबलावरचं वजन विचारा. मोठी बॅग चार किलोच्या आत हवी. मग ती कशाची बनली आहे ते. एबीएस नावाचं टणक प्लास्टिक स्वस्त असतं, पण जोराने आपटलं की तडकतं. पॉलिप्रॉपिलीन हलकं आणि चिवट असतं. पॉलिकार्बोनेट महाग, पण दाब पडला तर वाकून पुन्हा जागेवर येतं. दुकानात बॅग आडवी ठेवून मधोमध तळहाताने दाबून पाहा. थोडी आत जाऊन परत आली तर चांगली. लाकडासारखी घट्ट राहिली की लोकांना ती मजबूत वाटते, पण सामान फेकणाऱ्या हातांत तशीच बॅग आधी फुटते. कापडी बॅगेचाही एक गुण आहे. तिला बाहेरून खिसे असतात, ती दबते, आणि गाडीच्या डिकीत कुठेही बसते. पावसाळ्यात निघणार असाल तर मात्र टणकच घ्या, कारण विमानाशेजारी उघड्या गाड्यांवर बॅगा भिजत उभ्या असतात.

चाकांचं म्हणाल तर चार चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर बोटाने ढकलता येते आणि मनगटावर भार येत नाही. गुडघे किंवा खांदे दुखणाऱ्यांनी तीच घ्यावी. दोन चाकांची बॅग खडबडीत रस्त्यावर बरी, पण ती सगळा वेळ तिरकी ओढावी लागते. चाकांची बॅग हीच तशी अलीकडची गोष्ट. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांनी चाकांच्या सुटकेसचं पेटंट १९७२ साली घेतलं. उभी धरून लांब मुठीने ओढायची बॅग आली ती १९८७च्या सुमारास, रॉबर्ट प्लाथ नावाच्या एका वैमानिकाच्या डोक्यातून. आपल्या आई-वडिलांनी होल्डॉल आणि पत्र्याची ट्रंक हमालाच्या डोक्यावर दिली, त्याला फार दिवस झालेले नाहीत. आज सॅमसोनाइटसारख्या जगभर विकल्या जाणाऱ्या बॅगांचा एक मोठा कारखाना आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे, आणि व्हीआयपीचेही कारखाने नाशिककडे आहेत. तेव्हा चांगली बॅग परदेशातच मिळते, हा समज सोडून द्या.

मुठीकडे नीट पाहा. बाहेर ओढायची लांब मूठ पूर्ण उघडून डावी-उजवीकडे हलवा. फार डुलत असेल तर सहा महिन्यांत निखळेल. त्याहून महत्त्वाची असते ती बाजूची आणि तळाची छोटी मूठ, कारण पट्ट्यावरून उचलताना हात तिच्यातच घालावा लागतो. तळाला मूठ नसलेली बॅग मी वयस्कर माणसांना घेऊच देत नाही. दोन मुठींना दोघांनी धरून "एक, दोन, तीन" म्हणत उचललं की कंबर शाबूत राहते. चेन जाड दातांची, आणि शक्य असेल तर दुहेरी. साध्या चेनीत बॉलपेनचं टोक खुपसलं तर ती उघडते आणि पुन्हा बंदही करता येते. कुलूप जागच्या जागी राहतं. कुलूप घ्याल ते टीएसए, म्हणजे अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा खात्याच्या, मान्यतेचं घ्या, त्यावर लाल चौकटीची खूण असते. अमेरिकेत तपासणीसाठी बॅग उघडायची झाली तर त्यांच्याकडे या कुलपाची किल्ली असते. दुसरं कुलूप असेल तर ते कापतात. काही बॅगांत मोबाइल चार्ज करायची बॅटरी बसवलेली असते. ती काढता येत नसेल तर ती बॅग घेऊच नका, विमानात चालत नाही.

बॅग घरी आली की एक काम लगेच करा. आमच्याकडे जुन्या इरकलीच्या काठाची वीतभर पट्टी कापून मी प्रत्येक बॅगेच्या मुठीला घट्ट शिवते. लोंबणारी रिबीन यंत्रात अडकून तुटते, ही तुटत नाही. काळ्या-निळ्या शंभर बॅगांत लाल-हिरवा काठ लांबून दिसतो. आतल्या झाकणाला एक कागद चिकटवा. त्यावर नाव, मुलीचा अमेरिकेतला पत्ता, तिचा आणि तुमचा फोन. बाहेरचं लेबल फाटलं तरी आतला कागद राहतो. आणि भरलेल्या उघड्या बॅगेचा मोबाइलवर एक फोटो काढा. बॅग हरवली तर "काय काय होतं आत?" या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत असतं.

आता भरायचं काय?

खाऊपासून सुरुवात करते, कारण भांडणं तिथेच होतात. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घरी वळूनच न्या. अळीव, मेथ्या असं कच्चं बी नेण्यापेक्षा तयार पदार्थ सोपे. सीमेवरच्या अधिकाऱ्यांना बी दिसलं की प्रश्न वाढतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत मुळीच ठेवू नका. भारतातल्या विमान प्रवासात सुकं खोबरं हातातल्या आणि मोठ्या, दोन्ही बॅगांत बंद आहे. त्यात तेल इतकं असतं की साठा दडपून ठेवला तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. बायका हे ऐकून हसतात, पण मी स्वतः एका काकूंची बॅग मुंबईला उघडताना पाहिली आहे. साडीत गुंडाळलेल्या आठ वाट्या एकेक करून बाहेर आल्या. खोबरं किसून, भाजून लाडवात घाला, तेच बरं. कापूर आणि काडेपेटीही अशाच पेटणाऱ्या वस्तू. देवासाठी कुंकू, हळद, जानवं न्या, कापूर तिकडच्या भारतीय दुकानात मिळतो.

तांदूळ नेऊ नका. इंद्रायणीची पिशवी भरताना सगळ्यांचा हात थरथरतो, मला कळतं, पण भारतासारख्या देशांतून प्रवाशांनी आणलेला तांदूळ अमेरिकेत बंद आहे. कारण खापरा भुंगेरा, धान्याच्या साठ्याचा शत्रू. त्याची अळी वर्षानुवर्षं उपाशी राहून जिवंत राहते आणि एकदा गोदामात शिरली की निघत नाही. हरभरे, सोयाबीन, करडई यांनाही तीच बंदी. त्यांची भाजून दळलेली पिठं नेता येतात, म्हणून भाजणी, मेतकूट, सत्तूचं पीठ नेतो आपण. ताजी फळं, भाज्या नाहीत. कढीपत्त्याची जुडीसुद्धा नाही. त्या पानांवर राहणारी सिला कीड लिंबू-संत्र्याच्या बागा मारणारा ग्रीनिंग रोग पसरवते, आणि तिकडच्या बागायतदारांनी त्यात फार सोसलं आहे. संत्र्याच्या नागपूरच्या माणसाला हे पटायला वेळ लागणार नाही. हापूसही न्यायचा नाही. आपला आंबा अमेरिकेत २००७ पासून जातो, पण लासलगावसारख्या ठिकाणी विकिरण करून, व्यापारी पेटीतून. बॅगेतून नेलेली डझनभर फळं कचऱ्यात जातात. मांसाचा कोणताही पदार्थ नको, सुकटही सोडा, आणि चिकनचं चित्र असलेलं नूडल्सचं पाकीटसुद्धा नको.

एक जोखमीची गोष्ट खसखस. अनारशावर असते, बाळंतिणीच्या खिरीत असते. अमेरिकेत जेवणापुरती चालते, पण दुबई, सौदी, सिंगापूर या ठिकाणी ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि तिथे उतरणाऱ्या माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो. आखातात मुलाकडे जाणाऱ्यांनी अनारसेही नेऊ नयेत. आणि दुबईमार्गे अमेरिकेला जाणाऱ्यांनीही ती पुडी घरीच ठेवावी, असं मी आग्रहाने सांगते. चिमूटभर खसखशीसाठी कुणी कोठडीत जायला नको.

तिकडे उतरल्यावर "खाण्याचं काही आहे का?" असं विचारतात. "हो, लाडू, मसाले, पीठ" असं सरळ सांगा. वस्तू चालणारी असेल तर पाहून सोडतात, नसेल तर काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर मात्र दंड होतो, आणि तो मुलीच्या खात्यातून भरावा लागतो. त्यामुळे प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहून चिकटवा. मेतकुटाच्या पिवळ्या पिठाला नाव नसेल तर त्या अधिकाऱ्याच्या जागी आपण असतो तरी शंका घेतली असती.

बाळासाठी दुपटी, झबली, लंगोट, कुंच्या, मऊ साडीच्या गोधड्या न्या. हलकं सामान, आणि त्याची ऊब तिकडच्या दुकानात मिळत नाही. डायपर, बाटल्या, साबण तिथे विकत घ्या. काजळाची डबी नेऊ नका. सुरमा-काजळात शिसं असण्याचा धोका असतो आणि तिकडे ते विकायलाच परवानगी नाही. बाळगुटीचंही तसंच, बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हे लिहिताना मला माझ्या आईचा उगाळायचा दगड आठवतो, पण नातवाच्या रक्तात शिसं जाण्यापेक्षा आठवण आपल्याजवळ राहिलेली बरी.

वस्तूंपैकी मिक्सर, इस्त्री, इंडक्शन शेगडी इथून नेऊ नका. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०. आपला मिक्सर तिकडे फिरतच नाही, कसाबसा फिरलाच तर चटणी वाटली जात नाही. मोबाइलच्या चार्जरवर मात्र १०० ते २४० असं छापलेलं असतं, तो चालतो, फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. कुकर न्यायचा असेल तर रिकामा नेऊ नका. त्याच्या पोटात मसाल्याच्या पुड्या, रवी, पळी, सांडशी बसते. शिट्टी आणि रिंग वेगळ्या पिशवीत, नाहीतर शिट्टीच इथे राहते.

साड्या कमी न्या. तिकडे कपड्यांचं यंत्र रोज चालतं, चार-पाच सुती साड्या किंवा सलवार-कुडते, दोन स्वेटर आणि एक चांगली साडी बाळाच्या बारशाला, एवढं पुरतं. घरातल्या काट्यावर एक जरीची साडी ठेवून बघा, पाऊण किलोच्या आसपास भरते. पाच जरीच्या साड्या म्हणजे जवळजवळ चार किलो, म्हणजे बॅगेइतकंच. जड बूट पायात घालूनच निघा. हिवाळ्यात न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडे जाणाऱ्यांनी जाड कोट इथे घेण्याची घाई करू नये; इथला "कडाक्याच्या थंडीचा" कोट तिकडे शरद ऋतूत घालतात. मुलगी घेऊन ठेवेल.

लोणच्याची बरणी कशी भरायची हे एकदा जवळून सांगते, कारण माझ्याच घरी ती फुटली आणि आंब्याच्या लोणच्याचं तेल जावयाच्या पांढऱ्या शर्टपीसवर पसरलं. काचेची बरणी नको. रुंद तोंडाचा जाड प्लास्टिकचा डबा घ्या, तो गळ्यापर्यंत भरू नका, दोन बोटं जागा ठेवा. वर विमान उंच गेलं की दाब बदलतो आणि तेल वर येतं. तोंडावर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून घाला, त्यावर झाकण फिरवा, झाकणाभोवती चिकटपट्टीचे तीन वळसे. मग डबा चेनच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती बॅगेच्या मधोमध, दुपट्यांच्या गादीत. कडेला ठेवलेली प्रत्येक गोष्ट आपटते. हातातल्या बॅगेत लोणचं, चटणी, मिरचीपूड नको, तपासणीत अडतं.

जड सामान नेहमी चाकांच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केल्यावर तळाशी जाईल असं भरा. वर जड भरलेली बॅग चालताना मागे कोसळते. आणि नवरा-बायकोचे कपडे दोन बॅगांत निम्मे-निम्मे वाटा. ह्यांची एक आणि माझी एक अशी सोय वाटते सोपी, पण ह्यांची बॅग एकदा तीन दिवस उशिरा आली आणि ते जावयाच्या पायजम्यात फिरत होते. अर्धे कपडे माझ्या बॅगेत असते तर एवढं झालं नसतं.

वजन करायला हुकाचा छोटा वजनकाटा पाचशेच्या आसपास मिळतो, जरूर घ्या. नसेल तर बाथरूममधल्या काट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग धरून उभे राहा, फरक म्हणजे बॅग. बॅग पूर्ण भरायचीच झाली तरी घरच्या काट्यात थोडी चूक धरून बावीसवर थांबा. विमानतळाच्या खिडकीवर बॅग सव्वीस भरली तेव्हा मला ती रांगेत, जमिनीवर उघडावी लागली. आतले कपडे, परकर, बाळाची दुपटी सगळ्यांसमोर. मागच्या माणसांनी मान वळवली, तेवढं सौजन्य दाखवलं, पण डोळ्यांत पाणी आलंच. तशी वेळ कुणावर येऊ नये.

हातातल्या बॅगेला मी सर्वांत जास्त वेळ देते. साधारण सात किलो, आणि मापात बसणारी एकच बॅग, असा बहुतेक ठिकाणी नियम. मोठी बॅग आठ दिवस आली नाही तरी तुमचा दिवस जायला हवा, एवढं या छोट्या बॅगेत हवं. रोजच्या सगळ्या गोळ्या, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडच्या औषधवाल्याला कळत नाही. टेलमिसार्टन किंवा मेटफॉर्मिन म्हटलं तर कळतं. अमेरिकेत साधारण ९० दिवसांची औषधं नेणं हा ठरलेला निकष. मुक्काम सहा महिन्यांचा असेल तर तसं डॉक्टरांच्या पत्रात लिहून घ्या आणि पुढच्या औषधांचं मुलीशी आधी बोला. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत नको. विमानाच्या पोटातल्या जागेत ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निरुपयोगी. ते १०० मिलीच्या नियमातून सुटतं, फक्त चिठ्ठी हवी. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलसारख्या गोळ्या आखातातून जाताना अडचणीत आणतात, त्या नकोतच.

पॉवरबँक हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत तो बंद आहे. १०० वॅट-अवर्सपर्यंत विनापरवानगी चालतो; नेहमीचा २०,००० मिलिअँपिअरचा साधारण ७४ वॅट-अवर्सचा भरतो, म्हणून चालतो. मोठ्या बॅगेत राहिला तर बॅग खाली थांबते आणि तुम्हाला हाक मारतात. शिवाय दुसरा चष्मा, कवळीची डबी, एक जोडी कपडे, शाल, जाड मोजे, रिकामी पाण्याची बाटली, पेन. आणि कागदावर, फोनमध्ये नव्हे, मुलीचा पत्ता आणि नंबर. फोनची बॅटरी उतरते, कागद उतरत नाही. पासपोर्ट, विमा, परतीचं तिकीट यांच्या प्रती एक संच हातातल्या बॅगेत, एक मोठ्या बॅगेत. दागिने अंगावर कमीत कमी. चांगले दागिने न्यायचेच असतील तर निघताना भारतीय कस्टमकडून निर्यात दाखला घ्या, म्हणजे परत येताना ते तुमचेच होते हे सिद्ध करता येतं.

आता वाटेतली एक गोष्ट, जी पहिल्यांदा जाणाऱ्यांना कुणीच नीट सांगत नाही. तुमच्या बॅगेवर डॅलसचं लेबल असलं तरी तुम्ही अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतरता, नेवार्क म्हणा, शिकागो म्हणा, तिथे सहसा बॅगा स्वतः उचलाव्या लागतात, कस्टममधून बाहेर न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. अबू धाबीहून जाणाऱ्यांची अमेरिकेची तपासणी तिथेच होते, त्यांची सुटका. बाकीच्यांना तो पट्टा वाट बघत असतो, आणि पहिल्या प्रवासात ह्यांची कंबर तिथेच गेली. गुडघे, हृदय, कान यांचा त्रास असेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्या, संकोच करू नका. ती ढकलणारी माणसं बॅगा उचलायलाही मदत करतात, रांगेतून वाट काढतात, आणि इंग्रजी बोलायला लागत नाही. नसेल तर पट्ट्याशेजारी उभ्या तरुण मुलाला "प्लीज, हेल्प" एवढंच म्हणा आणि बॅगेकडे बोट दाखवा. आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.

बॅग आलीच नाही तर बाहेर पडण्याआधी, तिथेच, सामानाच्या खिडकीवर तक्रार लिहून घ्या आणि तिची प्रत जपा. बॅग फुटली असेल तर ७ दिवसांत, उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. विमान प्रवासाच्या मॉन्ट्रियल करारात ही मुदत आहे आणि भारत व अमेरिका दोन्ही त्यात आहेत. उशिरा आलेल्या बॅगेमुळे घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या फेकू नका.

शेवटी लोकांच्या पुड्या. "तुम्ही जाताच आहात, तर आमच्या भाच्यासाठी एवढं न्याल का?" हा प्रश्न प्रत्येकाला येतो, आणि नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. पण विमानतळावर "ही बॅग तुम्ही स्वतः भरली का? कुणी काही दिलं का?" असं विचारतात, आणि त्याचं उत्तर खरं द्यावं लागतं. बंद केलेलं, टाके घातलेलं, दुसऱ्याने चिकटवलेलं काहीही घेऊ नका, सख्ख्या भावाचं असलं तरी. मी एक रीत पाडली आहे. "वहिनी, घेते ना, पण इथेच माझ्यासमोर उघडा आणि मी भरते," असं म्हणायचं. ज्यांचं सामान साधं आहे ते लगेच उघडतात. वजनाचंही सांगून टाका: "अर्धा किलोपर्यंत." राग येईल थोडा, दोन दिवसांत जातो. आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्यांदा तोंड फिरवलं होतं. पुढच्या वर्षी ते स्वतः टेक्सासला निघाले तेव्हा दारात आले, हातात उघडी पिशवी घेऊन, आणि म्हणाले, "वहिनी, आधी काट्यावर ठेवा, मग बघू काय जातंय ते."